अ‍ॅप ११५० कॅलरी दाखवतं, तरी आईची साखर २१० का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ६१ वर्षांची, वजन ६८ किलो, गावी राहते. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहेत, बीपीसाठी टेल्मिसार्टन. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ८.६ टक्के. मुलगा पुण्यात नोकरीला. दिवाळीत घरी गेला तेव्हा त्याने आईच्या फोनमध्ये आहाराचं अ‍ॅप टाकून दिलं. अ‍ॅपने वय, उंची, वजन आणि किती किलो कमी करायचंय एवढं विचारून रोजच्या १२०० कॅलरी ठरवून दिल्या. आई न चुकता नोंद करते, बेरीज ११५० च्या आसपास येते, पण वजन जागचं हललेलं नाही आणि जेवणानंतरची साखर २१० च्या खाली येत नाही. मुलाला दोन गोष्टी विचारायच्या आहेत: अ‍ॅप चुकतंय की आई काही लपवतेय? आणि पैसे भरून ‘कोच’वाला प्लॅन घ्यावा का?

मी बावीस वर्षं सांगलीत आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. गेल्या सात-आठ वर्षांत माझ्याकडे येणाऱ्यांच्या हातात फाइलच्या जोडीने फोनही असतो, आणि असाच ११५०, १२०० चा आलेख मी जवळजवळ रोज बघते. तुमची आई लपवत नाहीये असं मी तिला न भेटता सांगते. गफलत कुठे होते ते मला माहीत आहे, ती भाकरीत होते.

अ‍ॅपमध्ये ‘ज्वारीची भाकरी, १ नग’ असं लिहिलं की साधारण ११० कॅलरी येतात. ही भाकरी कोणाची? तीस-पस्तीस ग्रॅम पिठाची, फुलक्याएवढी. आपल्याकडे अशी भाकरी कोणी थापत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते काढले, त्यात ५२८ पदार्थ तपासलेले आहेत. त्यानुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ३३४ कॅलरी असतात. गावाकडच्या परातीएवढ्या भाकरीला ७५ ते १०० ग्रॅम पीठ सहज लागतं. आई दिवसाला तीन भाकऱ्या खात असेल आणि एकेकीला ७५ ग्रॅम पीठ धरलं तर २२५ ग्रॅम झालं, म्हणजे ७५० कॅलरी. अ‍ॅपने मोजल्या ३३०. सव्वाचारशेचा फरक इथेच पडला, आणि आईने नोंद अगदी खरी केली होती: भाकरी ३.

सकाळच्या पोह्यांचं तेच. अ‍ॅपचे ‘पोहे १ प्लेट’ १८० कॅलरींचे. घरी एका माणसाला मूठ-दीड मूठ, म्हणजे ६० ग्रॅम कोरडे पोहे घेतले तर त्याचेच २१० होतात. वर दोन चमचे तेल, म्हणजे ९०, आणि मूठभर शेंगदाणे, आणखी ८०. ओलं खोबरं मी धरलेलंच नाही. बेरीज ३८० होते. भाकरी आणि पोहे एवढ्या दोनच नोंदी दुरुस्त केल्या तरी ११५० चे पावणेअठराशे होतात. चहातली साखर, भाजीतलं तेल, चार वाजता तोंडात टाकलेले दोन खारे दाणे हे सगळं अजून बाहेरच आहे. ६८ किलोची बाई एवढ्या खाण्यावर वजन राखून असते, त्यात नवल काही नाही.

भाताची चूक याहून मोठी, कारण ती दोन्ही बाजूंनी होते. १०० ग्रॅम तांदळात ३५० च्या वर कॅलरी असतात, १०० ग्रॅम शिजलेल्या भातात १२० ते १३०, कारण उरलेलं पाणी आहे. अ‍ॅपच्या यादीत ‘राइस’ म्हणून दोन्ही असतात आणि बोट कशावर पडेल सांगता येत नाही. माझ्याकडच्या एका निवृत्त शिक्षकांनी महिनाभर शिजलेला भात तोलून कच्च्या तांदळात नोंदवला होता. अ‍ॅप रोज लाल व्हायचं, म्हणून ते रात्री फक्त ताक पिऊन झोपायचे. त्यांची सकाळची साखर ६२ निघाली तेव्हा हा घोळ कळला.

वरणाचीही अशीच गोष्ट आहे. ‘डाळ १ वाटी’ म्हणजे अ‍ॅपच्या हिशेबात ३० ग्रॅम डाळ, सात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. घरातल्या मोठ्या बाईच्या वाटीत बहुतेक वेळा सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेलं वरचं पाणी येतं. आईला एकदा विचारा, ती शेवटी जेवते का.

तेव्हा प्लॅनचे पैसे भरण्याआधी एक छोटा वजनकाटा घ्या, स्वयंपाकघरात असतो तसा, पाच किलोपर्यंतचा. आणि आईचं स्वयंपाकघर त्या अ‍ॅपमध्ये नीट बसवा. पुढच्या वेळी दोन दिवस गावी जाल तेव्हा शेजारी बसून हे काम करायचं. पिठाचा डबा काट्यावर ठेवा, आकडा लिहा. आई रोजच्यासारख्या भाकऱ्या करेल, तिला हात आखडता घेऊ देऊ नका. झाल्यावर डबा पुन्हा ठेवा. जो फरक येईल त्याला भाकऱ्यांच्या संख्येने भागा. तीन दिवसांची सरासरी काढली की ‘आईची भाकरी’ किती ग्रॅम पिठाची ते कळलं. बहुतेक अ‍ॅपमध्ये स्वतःचा पदार्थ तयार करून ठेवण्याची सोय असते, तिथे याच नावाने तो भरा. यापुढे तिने फक्त ‘आईची भाकरी’ निवडायची.

भाजीला थोडं जास्त काम आहे. रिकामी कढई तोलून तिच्या बुडाला खडूने आकडा लिहा. मेथीची पातळ भाजी असेल तर निवडलेली मेथी, बेसन, दाण्याचं कूट, तेल हे सगळं कढईत जाण्याआधी तोला. तेलाची बाटली ओतण्याआधी आणि ओतल्यानंतर काट्यावर ठेवायची, पळीवर विश्वास ठेवू नका, पळी कधी सपाट नसते. भाजी झाल्यावर कढईसकट वजन करा, कढईचं वजा करा. आता एकूण भाजी किती ग्रॅम आणि त्यात काय काय हे अ‍ॅपला कळलं. आईची वाटी पाणी भरून तोला, त्यातून रिकाम्या वाटीचं वजन वजा करा, जितके ग्रॅम उरतील तितके मिलिलिटर. आपल्या घरांत आलटून पालटून बारा-पंधराच पदार्थ होत असतात. दोन मुक्कामांत यादी पुरी होते आणि मग वर्षभर बघायला लागत नाही.

तेलाचा हिशेब अ‍ॅपपेक्षा किराणा दुकानाची चिठ्ठी चांगला देते. पाच लिटरचा डबा चार माणसांत महिनाभर पुरत असेल तर माणशी रोजचं तेल ३८ ग्रॅमच्या आसपास पडतं. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये २००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटाला २७ ग्रॅम तेल-तूप सांगितलं आहे. ताटाचा फोटो काढला की पदार्थ ओळखणारी अ‍ॅप आता आली आहेत, तीही इथेच अडतात. फोटोत भरलं वांगं दिसतं, त्याच्या पोटातलं खोबरं आणि कूट दिसत नाही. तर्री वर तरंगते की खाली बसली आहे हे कॅमेऱ्याला कळत नाही.

कोणतं अ‍ॅप घ्यावं, याचं उत्तर मी नावाने देत नाही, परीक्षा सांगते. शोधाच्या जागी ‘१०० ग्रॅम ज्वारीचं पीठ’ टाका, ३३० च्या आसपास यायला हवं. ‘१०० ग्रॅम शिजलेला भात’ टाका, १२० ते १३०. ‘५ मिलिलिटर शेंगदाणा तेल’ टाका, ४० ते ४५. तिन्ही बरोबर आले तर अ‍ॅप वापरण्यासारखं आहे. एखाद्या अ‍ॅपची माहिती वापरणाऱ्यांनीच भरलेली असते, तिथे एकाच पदार्थाच्या दहा नोंदी आणि दहा आकडे दिसतील. राष्ट्रीय पोषण संस्थेने स्वतःचंही ‘न्यूट्रिफाय इंडिया नाऊ’ नावाचं अ‍ॅप २०१९ मध्ये आणलं होतं, त्याचा पाया भारतीय अन्नाचाच आहे. मराठीत बोलून नोंद घेता येत असेल तर तुमच्या आईसाठी ती गोष्ट सगळ्यात मोलाची.

आता यापुढचं जरा सावकाश वाचा, कारण मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

तुमच्या अ‍ॅपने चार प्रश्न विचारले. ‘कोणत्या गोळ्या चालू आहेत’ हा प्रश्न त्यात नव्हता. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. आज आई १७५० च्या पुढे खाते आणि त्या खाण्यावर डॉक्टरांनी डोस बसवलेला आहे. नोंदी दुरुस्त करून उद्यापासून तुम्ही तिला खरोखरच्या १२०० वर आणलंत आणि गोळी तीच ठेवलीत, तर साखर लो होण्याचा धोका आहे. माझ्याकडच्या एका ताईंना त्यांच्या लेकीने १६ तास उपाशी राहायचं अ‍ॅप लावून दिलं होतं. रात्री आठला जेवण, मग दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत काही नाही. सकाळची गोळी मात्र सवयीने आठला. पाचव्या दिवशी त्या ओट्याजवळ घामाघूम होऊन खाली बसल्या, साखर ५४. फोनवर त्या वेळी सलग पाच दिवस पूर्ण केल्याचं अभिनंदन झळकत होतं. शेजारणीने साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी नोंदी खऱ्या करा, मग त्या घेऊन डॉक्टरांकडे जा, ‘खाणं एवढं कमी करणार आहोत, गोळी बदलायची का’ हे विचारा, आणि त्यानंतरच ताटाला हात लावा. १२०० चं लक्ष्य तर आत्ताच काढून टाका. साठीच्या पुढच्या बाईचं वजन घाईने उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातात आणि मग उठताबसताना गुडघे बोलायला लागतात. रोजच्या खऱ्या खाण्यातून ३०० कॅलरी कमी झाल्या तरी पुष्कळ आहे. तुमच्या घरी तेवढ्या तेलात आणि अर्ध्या भाकरीत निघतील.

थरथर, घाम, एकदम भूक, चिडचिड असं काही झालं तर आईने अ‍ॅप उघडायचं नाही. साखर बघता आली तर बघायची. ७० च्या खाली असेल किंवा बघता येत नसेल तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा बघायचं, तरी कमीच असेल तर पुन्हा साखरपाणी. बिस्किट किंवा चॉकलेट त्या वेळी नको, त्यातल्या तुपामुळे साखर चढायला उशीर लागतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना. हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा.

दुसरा धोका मिठाचा. बीपीची नोंद केली की काही अ‍ॅप ‘कमी सोडियमचं मीठ वापरा’ असा सल्ला देतात. त्या मिठात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टनने रक्तातलं पोटॅशियम मुळातच थोडं वाढतं, आणि नऊ वर्षांच्या मधुमेहात मूत्रपिंड थोडं थकलेलं असू शकतं. पोटॅशियम फार वाढलं की हृदयाच्या ठोक्यांवर येतं. क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासून डॉक्टर हो म्हणेपर्यंत साधंच मीठ, पण कमी. प्रथिनांची पावडर घ्या असं अ‍ॅप सुचवेल, तिलाही हाच नियम. जाता जाता आणखी एक: मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. पायांना मुंग्या येत असतील तर त्याची तपासणी मागून घ्या.

अ‍ॅपचा खरा उपयोग मला कुठे होतो ते आता सांगते. कॅलरीच्या बेरजेपेक्षा मला जोड्या लागतात. जेवणाआधीची साखर, ताटात काय होतं, आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी साखर. आठवड्यातून दोन वेळा पुरे, पट्ट्यांनाही पैसे पडतात. एका रविवारी दोन भाकऱ्या, पिठलं आणि कांदा. दुसऱ्या रविवारी एक भाकरी, मूठभर भात, आमटी आणि मोठी वाटी काकडीची कोशिंबीर. दोन्ही वेळा आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा यांत फरक किती पडला तेवढं बघायचं. बहुतेक मधुमेहींसाठी दोन तासांनंतरची साखर १८० च्या आत असावी असं धरतात, तुमच्या आईचं नेमकं लक्ष्य डॉक्टर सांगतील. महिनाभरात अशा आठ जोड्या जमल्या की कोणतं जेवण तिला चढतं ते तिचं तिलाच कळतं, आणि एकदा कळलं की ती कोणाच्या सांगण्यावाचून बदल करते. मी हे शेकडो घरांत पाहिलं आहे.

एकादशीची जोडी नक्की घ्या. उपासाचा दिवस अ‍ॅपच्या लेखी कमी खाण्याचा दिवस असतो, आपल्याकडे तो साबुदाण्याचा असतो. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ आहे, ८० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ७० ग्रॅम कर्बोदकं जातात, वर बटाटा. आईला उपास सोडायला सांगू नका, ती सोडणार नाही आणि सोडायची गरजही नाही. एका एकादशीला नेहमीचा साबुदाणा, पुढच्या एकादशीला थोडी भगर, दाण्याची आमटी, काकडी, ताक असं ताट करून दोन्ही एकादश्यांचे आकडे शेजारी ठेवा.

आकडे घेतानाची एक गोष्ट. गेल्या मे महिन्यात एक काका साखर ३१८ आली म्हणून धावत आले, अ‍ॅपने लाल पाटी दाखवली होती. मी हात बघितले, बोटांना आंब्याचा रस. सकाळभर आमरसासाठी हापूस पिळत होते. साबणाने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा टोचलं, १६४. ग्लुकोमीटरचाही स्वतःचा फरक असतो: १०० च्या वरच्या आकड्यात १५ टक्के इकडेतिकडे आंतरराष्ट्रीय मानकातच धरलेलं आहे. खरी साखर १८० असेल तर मीटरवर १५३ ही दिसू शकते आणि २०७ ही. त्यामुळे कालपेक्षा आज दहाने वाढली म्हणून कोणी भाकरी सोडू नये.

न टोचता साखर सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या ऑनलाइन विकायला असतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध आणि उपकरणं मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा वस्तूंपासून सावध राहायला सांगितलं, तेव्हा त्यांनी असं एकही उपकरण मंजूर केलेलं नव्हतं. दंडावर लावायचा सेन्सर वेगळा, तो त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, साधारण दोन आठवडे चालतो आणि एकदा लावून बघायला चांगला असतो. फक्त तो रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो, म्हणून लो वाटलं तर बोटच टोचायचं. मनगटावरच्या घड्याळातली पावलंही जपून घ्या. हात हलला की ते मोजतं. एका ताईंची हजारभर पावलं भाकऱ्या थापताना झाली होती, आणि तेवढं चालणं झालं म्हणून त्या संध्याकाळी एक लाडू जास्त घेत होत्या.

आता कोचवाला प्लॅन. पैसे भरायच्या आधी एवढंच विचारा की पलीकडचा माणूस कोण आहे, त्याचं शिक्षण काय, एकच माणूस तीन महिने राहील का, आणि त्याला गोळ्यांची यादी दिली तर तो ती वाचतो का. हो म्हणाले आणि खर्च परवडत असेल तर घ्या. चांगले लोक आहेत तिथे. ‘गोळ्या बंद करून देऊ’ असं कोणी पहिल्याच फोनवर म्हणालं तर फोन ठेवून द्या. मोफत महिन्यासाठी यूपीआयवरून मान्यता दिली असेल तर यूपीआय अ‍ॅपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन ती तपासा, फोनमधून अ‍ॅप काढल्याने पैसे कापणं थांबत नाही. तसंच अ‍ॅप काढल्याने तुमची माहिती पुसली जात नाही, आधी आतून खातं बंद करावं लागतं. फोनमधले नंबर आणि लोकेशन आहाराच्या अ‍ॅपला कशाला लागतात? ती परवानगी नाकारा. रिपोर्ट ठेवायला ‘आभा’ या सरकारी आरोग्य खात्याचा १४ आकडी क्रमांक मोफत मिळतो, तो काढून घ्या.

आणि एक विनंती. आईच्या नोंदी तुम्हाला पुण्यात दिसतात हे तिला माहीत आहे. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायका दुसरा चहा नोंदवत नाहीत, कारण ‘मुलगा बघतो’. पहिले दोन आठवडे काही बोलू नका. ‘आज साखर का वाढली’ असा फोन करू नका. ताटाचा फोटो आणि काय खाल्लं ते बोलून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला सांगा, अ‍ॅपमध्ये तुम्ही भरा. तिला बारीक अक्षरं वाचत बसायला लागणार नाही, आणि तिचा आवाज तुम्हाला रोज ऐकू येईल.

डॉक्टरांकडे जाताना अ‍ॅपचे रंगीत आलेख नेऊ नका, त्यांच्याकडे तेवढा वेळ नसतो. एका कागदावर आठ जोड्या, साखर लो झाल्याच्या तारखा आणि वेळा, चालू गोळ्या कधी आणि जेवणाआधी की नंतर घेते, आणि गेल्या महिन्याचं वजन एवढं लिहून न्या. आईच्या भाकरीला किती पीठ लागतं तो आकडा आला की मला कळवा, सोबत दुपारच्या जेवणाच्या दोन आणि पोह्यांच्या दोन जोड्या पाठवा. आधी पोह्यांना हात घालायचा की दुपारच्या भाताला, ते त्यावरून सांगते.